मगवर्ट, मूनवर्ट आणि पौर्णिमेचा एस्बॅट: इंग्लंडातल्या आजच्या विच लोकांची झाडपाल्याची विद्या

रानजाई
मागे दुसऱ्या एका धाग्यावर ओझरतं लिहिलं होतं की शेजारच्या बाईंबरोबर मी अधूनमधून त्यांच्या पौर्णिमेच्या मेळाव्याला जाते. त्यावर इतक्या जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं की वेगळा धागा काढतेय. लांबलाय, सवडीने वाचा.

मी डेव्हनमध्ये राहते, टिव्हर्टनच्या जवळ. शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. त्या स्वतःला विच म्हणवतात. 'विच' हाच शब्द मी मुद्दाम ठेवलाय. चेटकीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं त्याचा यांच्याशी काही संबंध नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म 'पेगन', म्हणजे निसर्गपूजक, लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी 'विक्का', म्हणजे विच लोकांचा पंथ. समाज छोटा आहे, पण लपूनछपून नाही. यांचे आठ सण सूर्यावर चालतात आणि महिन्याचा मेळावा चंद्रावर. त्या मेळाव्याला एस्बॅट म्हणतात.

मी पहिल्यांदा गेले ती जुलैची पौर्णिमा होती. उजेड होता तोवर बाई मला परसात घेऊन गेल्या. कुंपणाला लागून छातीपर्यंत वाढलेलं झुडूप होतं, मला तर तणच वाटलं. दांडा जांभळट, पान गर्द हिरवं आणि शेवंतीच्या पानासारखं कातरलेलं. बाईंनी एक पान उलटं केलं. पाठ पांढरी, लव असलेली, तिन्हीसांजेच्या उजेडात चांदीसारखी. मग ते पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं आणि मला एकदम आजोळ आठवलं. चैत्रात देवाला वाहायचा दवणा! तितका गोड नाही, जरा कडवट, पण घराणं एकच. नंतर शोधलं तर खरंच तसं निघालं. हे मगवर्ट म्हणजे आर्टेमिसिया व्हल्गॅरिस आणि आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स.

बाईंनी सहा दांडे कापले, लाल सुताने बांधले आणि शेडमध्ये उलटे टांगले. आधीच्या पौर्णिमेची वाळलेली जुडी काढून वाटीत चुरली. रात्री मेळाव्यात ती चिमूटचिमूट निखाऱ्यावर पडत होती. काही जणी स्वप्नं स्पष्ट पडावीत म्हणून हाच पाला उशीत भरतात.

मी साहजिकच विचारलं, "हे किती जुनं आहे?" बाई म्हणाल्या, "यातला कुठला भाग?"

या प्रश्नाने मला कामाला लावलं. गेली तीन वर्षं मी तेच शोधत बसलेय, आणि आता मला पक्कं वाटतं की या विद्येत शिरायचं तर हाच पहिला प्रश्न हवा. एकाच जुडीत वेगवेगळ्या काळांचे थर असतात.

सगळ्यात जुना थर म्हणजे मगवर्टचा मान. ब्रिटिश लायब्ररीत 'लॅकनुंगा' नावाचं हस्तलिखित आहे, साधारण हजार वर्षांपूर्वीचं. त्यात जुन्या इंग्रजीतला नऊ वनस्पतींचा मंत्र आहे आणि त्याची सुरुवातच मगवर्टने होते. तिला सगळ्यांत वडील म्हटलंय. पुढे वोडन हा देव येतो आणि ख्रिस्तही येतो, एकाच मंत्रात. शेवटी कृती दिलीय: पाला कुटायचा, साबण आणि सफरचंदाच्या गरात कालवायचा, आणि लेप लावण्याआधी रोग्याच्या तोंडात, कानांत आणि जखमेवर मंत्र म्हणायचा. याच मंत्रात प्लँटेन आहे, आपल्या इसबगोलाची बहीण. ती पायवाटेवर उगवते. तिच्यावरून रथ गेले, राण्या गेल्या, तरी तिने सगळं सोसलं, असं तिचं कौतुक केलंय. ती ओळ वाचल्यापासून मला रस्त्यात प्लँटेनवर पाय ठेववत नाही.

पण त्या मंत्रात चंद्राचा पत्ता नाही!

दुसरा थर सतराव्या शतकातला. निकोलस कल्पेपर हा लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये गोरगरिबांना औषध देणारा माणूस. वैद्यकाचं ज्ञान लॅटिनमध्ये कोंडलेलं होतं, ते याने इंग्रजीत आणलं आणि त्यापायी वैद्यांच्या कॉलेजचा रोष ओढवून घेतला. १६५२ मध्ये त्याचा वनौषधींचा ग्रंथ आला आणि ३७ वर्षांचा असताना १६५४ मध्ये तो गेला. त्याने प्रत्येक वनस्पतीला एक ग्रह दिला. लेट्यूस, काकडी, विलो आणि पांढरी लिली चंद्राच्या. थंड, पाणीदार, पांढरं ते चंद्राचं, असा साधारण हिशोब. आणि मगवर्ट? ती त्याने शुक्राला दिली.

म्हणजे 'मगवर्ट ही चंद्राची' हे आज अनेक विच मानतात ते कल्पेपरचंही नाही. पानाची चंदेरी पाठ, प्रजातीच्या नावातली आर्टेमिस देवी आणि तिचं पुढे चंद्राशी जोडलं गेलेलं नातं, यातून ते विसाव्या शतकातल्या लोकांनी जुळवलं.

विक्काही तेवढीच नवी. ती लोकांपुढे आणणारा जेराल्ड गार्डनर सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांवर आणि मग मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून १९३६ मध्ये निवृत्त झाला. न्यू फॉरेस्टमधल्या एका जुन्या गटाने १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा दिली असं तो सांगायचा. १७३५ चा विचक्राफ्ट ॲक्ट १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. डोरीन व्हॅलिएंटे या त्याच्या शिष्येने विधींची भाषा घडवली. महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेला, एकत्र जमा, ही देवीची आज्ञा तिच्याच शब्दांत म्हटली जाते. त्या कल्पनेचं मूळ चार्ल्स लेलंडने १८९९ मध्ये छापलेल्या, इटलीतल्या टस्कनीच्या 'अराडिया' या पुस्तकात आहे. 'एस्बॅट' हा शब्द रूढ केला मार्गारेट मरे या संशोधिकेने. तिचा जन्म कलकत्त्याचा, १८६३ चा. युरोपात एक प्राचीन विच-धर्म गुप्तपणे चालत आला होता, हा तिचा सिद्धान्त इतिहासकारांनी कधीच बाजूला ठेवलाय.

हे कळल्यावर माझा ओढा कमी झाला नाही, उलट वाढला. कुणीतरी माझ्या आईच्या वयाच्या बाईने शब्द निवडून प्रार्थना रचली आणि ती आज बागेत म्हटली जाते, हे मला सुंदर वाटतं. फक्त नव्याला पाच हजार वर्षांचं म्हणू नये.

आणि एक माझी लाडकी वनस्पती, मूनवर्ट. बोटभर उंचीचं नेचं, पानाचे तुकडे चंद्रकोरीसारखे. हिच्यासमोर कुलपं उघडतात आणि हिच्यावरून गेलेल्या घोड्यांचे नाल गळतात असा समज होता. कल्पेपर लिहितो की टिव्हर्टनजवळच्या व्हाइट डाउनवर अर्ल ऑफ एसेक्सच्या घोड्यांचे तीस नाल गळून पडलेले सापडले, बरेचसे नुकतेच ठोकलेले. आमच्याच भागात! तीन वर्षं मे-जूनमध्ये गुडघे टेकून गवत चाळतेय. अजून दिसली नाही.

तुमच्याकडे पाला खुडताना तिथी, पक्ष बघतात का? जरूर लिहा.

दूर्वांकुर
किती मन लावून लिहिलंयस गं. 'चंद्र खाली उतरवणे' असा काही विधी असतो असं वाचलं होतं. म्हणजे अंगात येणं का?

विवेकवाट
लेख अभ्यासपूर्ण आहे, तरी एक अस्वस्थता मांडतो. आपल्या देशात आजही डाकीण ठरवून बायांना मारलं जातं. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. अशा वेळी 'विच' हा शब्द हौसेने मिरवणं मला जड जातं. त्या बाईंबद्दल अनादर नाही, पण शब्दाला रक्त लागलेलं आहे.

आभाळमाया
विवेकवाट यांना +१. आणि धागाही निवडक दहात.

रानजाई
दूर्वांकुर, हो गं, अगदी जवळचं आहे. प्रमुख स्त्री चंद्राकडे तोंड करून उभी राहते, दुसरं कुणीतरी देवीला आवाहन करतं, आणि पुढे ती जे बोलते ते देवीचं बोलणं मानतात. मी पाहिलं तेव्हा घुमणं वगैरे नव्हतं. आवाज हळू झाला आणि बाई सावकाश, थांबून थांबून बोलत राहिल्या. नाव मात्र ग्रीक जगातलं. थेसलीच्या बाया चंद्र खाली ओढतात अशी ख्याती होती. ॲरिस्टोफेनिसच्या 'क्लाउड्स' नाटकात कर्जात बुडालेला म्हातारा म्हणतो की थेसलीची एखादी बाई विकत घेऊन चंद्र पेटीत बंद करून ठेवतो. चंद्र उगवलाच नाही तर महिना भरणार नाही आणि व्याजही द्यावं लागणार नाही!

विवेकवाट, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. एक्सेटरच्या रूजमाँट किल्ल्याच्या भिंतीवर एक पाटी आहे. बिडफर्डच्या तीन बायका, टेम्परन्स लॉइड, सुझना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेम्बल्स, यांना १६८२ मध्ये विच म्हणून फाशी दिलं, त्यांच्या आठवणीची. शेजारच्या बाई तिथे मला घेऊन गेल्या होत्या. तिघीही गरीब, म्हाताऱ्या, एकट्या. युरोपात असे ४० ते ५० हजार जीव गेले असं आजचे इतिहासकार मानतात. काही जुन्या विच-पुस्तकांत ९० लाख हा आकडा असतो, तो खोटा आहे, आणि तो अजून सांगितला जातो याचं मला वाईट वाटतं. खऱ्या आकड्यात काय कमी दुःख आहे? बाई म्हणाल्या, "ज्या शब्दाने त्यांना मारलं तो मी स्वतःच्या हाताने स्वतःला लावते, म्हणजे तो पुन्हा कुणावर फेकता येणार नाही." डेव्हनमध्ये उभं राहून हे मला कळतं. झारखंडमधल्या एखाद्या गावात उभं राहून ते म्हणता येणार नाही, हेही कळतं.

तुमच्या कायद्याच्या मुद्द्यावरून सुचलं. १७३५ चा कायदा विच म्हणून मारण्याचा नव्हता. त्याने ते खटलेच बंद केले, आणि जादू येते असं भासवून फसवणाऱ्याला शिक्षा ठेवली. रोख आपल्या २०१३ च्या कायद्याच्या जवळचा आहे.

विवेकवाट
हे माहीत नव्हतं. आभार. ती पाटी बघायला आवडेल.

शतधौत
मी आयुर्वेदाची वैद्य, चिपळूणला दवाखाना. चंद्राला आपल्याकडे 'औषधीश' हे नावच आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत 'मी रसरूप सोम होऊन सगळ्या औषधी पोसतो' असं सांगतात. थंड, रसाळ ते चंद्राचं, हा कल्पेपरचा हिशोब आमच्या विद्यार्थ्यांना परका वाटणार नाही.

पण आता कळकळीने एक सांगते, कारण असे धागे वाचून लोक प्रयोग करतात. धुरी, उशी, तोरण इथपर्यंत ठीक. पोटात घ्यायचं असेल तर ग्रह-चंद्र बाजूला ठेवा. गर्भारपणात मगवर्ट नकोच. पेनिरॉयल म्हणून पुदिन्याच्या जातीचं एक झाड या विच-पुस्तकांत असतं, त्याच्या तेलाने यकृत जाऊन मृत्यू झालेले आहेत. सेंट जॉन्स वर्ट तिकडे मिडसमरला, म्हणजे जूनच्या शेवटी, खुडतात, दिसायला गोजिरवाणं पिवळं फूल, पण गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, नैराश्यावरची औषधं, सगळ्यांशी त्याचं वाकडं. आणि रानजाई, तुमच्या भागात फॉक्सग्लोव्ह भरपूर असणार. फुलं येण्याआधी त्याचं पान कॉम्फ्री या औषधी झाडासारखं दिसतं, आणि त्या चुकीने माणसं दगावली आहेत.

फॉक्सग्लोव्हची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीकडे जलोदरावर, म्हणजे अंगात पाणी साठण्यावर, वीसेक वनस्पतींचा गुप्त काढा होता. विल्यम विदरिंग या डॉक्टरने त्यातली काम करणारी वनस्पती ओळखली, दहा वर्षं रोग्यांवर मात्रा तपासली आणि १७८५ मध्ये छापलं. हृदयाचं डिजिटॅलिस हे औषध तिथून आलं. बाकीचा सगळा पाला बिनकामाचा होता. मला वाटतं परंपरेकडे असं बघावं. तुमच्या मगवर्टच्या घराण्यातही हेच झालंय. आर्टेमिसिया ॲनुआपासून हिवतापाचं औषध मिळालं, त्यासाठी तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं. जुन्या चिनी ग्रंथात पाला न उकळता पाण्यात भिजवून पिळायला सांगितला होता. त्यावरून त्यांना कमी उष्णतेवर अर्क काढायचं सुचलं.

रानजाई
शतधौत, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवायला हवा. बाईंचाही नियम आहे: एक झाड वर्षभर बघायचं, कोंब, पान, फूल, बी, वाळकी काडी, आणि मगच त्याला हात लावायचा. फॉक्सग्लोव्ह आणि कॉम्फ्री त्यांनी मला शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते. बागेतल्या बचनागाला तर हातमोज्याशिवाय शिवायचं नाही.

सॅक्रामेंटोची सई
मी कॅलिफोर्नियातून. इकडे या सगळ्याचा बाजार झालाय. पौर्णिमेच्या नावाने डबे विकतात: एक स्फटिक, एक मेणबत्ती आणि व्हाइट सेजची जुडी. व्हाइट सेज जगात फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात आणि खाली मेक्सिकोतल्या बाहामध्ये रानात उगवतं. चुमाश, काहुइया अशा इथल्या मूळ लोकांना ते पवित्र आहे. नॉर्थ एटिवांडा प्रिझर्व्ह या राखीव रानातून ते पोत्यांनी चोरलं गेलंय. याच लोकांच्या कितीतरी विधींना १९७८ चा कायदा होईपर्यंत धड संरक्षण नव्हतं, आणि आता त्यांची वनस्पती दुकानात प्लॅस्टिकमध्ये बांधून. मीही एकदा घेतली होती, दिवाळीत धुरी द्यायला. नंतर कळलं तेव्हा फार लागलं मनाला. आता ऊद आणि धूप घालते, भारतातून आणलेला. आमच्या घराला तोच वास ओळखीचा आहे.

तिथीवार
चंद्राच्या बाबतीत भर घालतो. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सौरवर्षापेक्षा अकरा कमी. ही तूट साठत जाते, म्हणून आपल्याकडे साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. तिकडे तीच तूट तेरावी पौर्णिमा होऊन दिसते. अमेरिकेतल्या मेनच्या शेतकरी पंचांगात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणत. १९४६ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या लेखात जेम्स ह्यू प्रुएट यांनी ते चुकीचं समजून 'एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा' असं लिहिलं, आणि तेच जगभर रुजलं. मासिकाने १९९९ मध्ये चूक सांगितली, पण तोवर उशीर झाला होता. ब्लू मूनला खास विधी करणाऱ्यांनी हे जाणून करावं.

रानजाई
वा! म्हणजे आणखी एक थर, आणि याची तर तारीखही माहीत आहे.

सायली_कोथरूड
मला ऑनलाइन मगवर्टचा चहा दिसतोय, 'ल्युसिड ड्रीम टी' म्हणून. झोप नीट लागत नाही हल्ली. पौर्णिमेपासून सुरू करू का?

शतधौत
सायली, नको. आधी झोप का लागत नाही ते एखाद्या डॉक्टरला दाखव. चालू औषधं असतील तर तीही सांग. शेवंती, गाजरगवत यांची ॲलर्जी असेल तर हे झाडही त्रास देऊ शकतं, कारण कुळ एकच.

सायली_कोथरूड
गाजरगवताने शिंका येतातच मला. बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई.

काजूबाग
मी कुडाळकडचा. आमच्याकडे बांबू उजेडात तोडत नाहीत. बाबा कायम अंधाऱ्या पक्षात, अमावास्येच्या आसपास तोडायचे. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो म्हणायचे. भुंगा बांबूतली साखर-पिठूळ खातो हे मला पुढे शेतकी शाळेत कळलं, पण चंद्राने ती कमी-जास्त होते का ते तिथे कुणी शिकवलं नाही. आमचा मांगर मात्र अंधारातल्या बांबूचाच आहे, तीस वर्षं झाली.

रानजाई
काजूबाग, रोमन लोकही लाकूड उतरत्या चंद्राला तोडायचे, प्लिनीने लिहिलंय! त्याच प्लिनीने ड्रुइडांचंही, म्हणजे केल्ट लोकांच्या पुजाऱ्यांचंही, लिहिलंय: चंद्राच्या सहाव्या दिवशी, पांढऱ्या वस्त्रातला पुजारी ओकच्या झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने मिसलटो नावाचं बांडगूळ कापतो. आमच्या गटात म्हणूनच मिसलटो षष्ठीला कापतात. पितळी विळा वापरतात.

एक विनंती. सह्याद्रीत मगवर्टची अगदी सख्खी बहीण आहे, आर्टेमिसिया निलगिरिका. पूर्वी तिला मगवर्टच समजत. रानदवणा, ढोरदवणा अशी नावं ऐकलीत. घाटात कधी दिसली तर पान उलटं करून बघाल? आणि चुरडून वास कसा येतो सांगाल?

काजूबाग
बघतो. रविवारी आंबोलीला जाणं आहे.

दूर्वांकुर
मी वाट बघतेय या उत्तराची.

काजूबाग
जाऊन आलो. चौकुळच्या रस्त्याला, दरडीच्या कडेने दाट माजलंय, माझ्या खांद्याला लागेल एवढं. आमच्याबरोबरच्या एका धनगर आजींना दाखवलं तर म्हणाल्या, ढोरदवणाच तो, गुरं तोंड लावत नाहीत. पानाची पाठ पांढरी आहे, लव हाताला मऊ लागते, तुम्ही लिहिलंय अगदी तशी. वास दवण्याइतका गोड नाही. आधी कापरासारखा वर चढतो, मग कडू होतो, आणि घरी येऊन दोनदा हात धुतले तरी गेला नाही. आजींनी एक डहाळी मोडून गोठ्याच्या आढ्याला खोचायला दिलीय, पिसवांसाठी. तिथी काही विचारली नाही त्यांनी.